दुसऱ्या रॅकची यादी

शेवटचे सात महिने ती आणि मी एकमेकांशी फळ्यावरून बोलत होतो. लॅबच्या दाराशेजारी एक पांढरा फळा होता. सकाळी मी त्यावर त्या दिवशीचं काम लिहायचो, जसं की ‘आज दोन उंदीर. काप साडेअकराच्या आत.’ ती यायची, वाचायची, काम संपलं की त्या ओळीपुढे बरोबरची खूण करायची आणि पिशवी उचलून निघून जायची. मी चार हातांवर बसलेलो असायचो. कधी मी मुद्दाम लिहायचो, ‘कालचं रेकॉर्डिंग गचाळ.’ त्यापुढेही ती तशीच, तेवढ्याच आकाराची खूण करायची. त्या खुणेचा मला इतका संताप यायचा की एकदा मी फळा पुसायचं डस्टर भिंतीवर फेकून मारलं. ती तेव्हा हातमोजे काढत होती. तिने डस्टर उचलून जागेवर ठेवलं.

ती माझी पीएचडीची विद्यार्थिनी, परभणीची. मी तिचा गाईड, मूळचा सांगलीकडचा, लखनौच्या एका संशोधन संस्थेत वीस वर्षं मेंदूवर काम करणारा. तिला प्रवेश दिला तेव्हा तिची आई सोबत आली होती. वडील नव्हते. आई मला म्हणाली होती, इतक्या लांब पोरीला ठेवायचं म्हणजे जीव थाऱ्यावर नव्हता, पण तुम्ही आपल्याकडचे आहात म्हटल्यावर धीर आला. पुढे आई नोकरीतून निवृत्त झाली आणि आलमबागेत दोन खोल्या घेऊन मुलीजवळच राहायला आली.

तिच्या हातांबद्दल आधी सांगायला हवं, कारण सगळं त्या हातांपाशी येऊन थांबतं. आमचं काम असं असतं: उंदराच्या मेंदूचा नखाहून पातळ काप काढायचा, तो खाऱ्या पाण्यात जिवंत ठेवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी निवडायची आणि काचेच्या नळीचं अतिसूक्ष्म टोक तिला टेकवायचं. मग तोंडात धरलेल्या रबरी नळीतून इतकासा श्वास ओढायचा की पेशी चिकटली पाहिजे आणि फुटता कामा नये. जमलं तर त्या एका पेशीतली वीज पडद्यावर दिसते. पुष्कळ मुलं वर्षभर नुसत्या पेशी फोडतात. तिला चौथ्या महिन्यात जमलं. ती एक पेशी तास तास धरून ठेवायची. मला माझ्या उमेदीत वीस मिनिटांपलीकडे कधी जमलं नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही. बाहेरचे लोक आले की मात्र त्यांना तिच्या टेबलापाशी नेऊन उभं करायचो, जणू ते हात मीच घडवले होते.

पाचव्या वर्षी तिची शिष्यवृत्ती संपली. नियमच तसा आहे: पाच वर्षं झाली की बंद, प्रबंध झालेला असो वा नसो. याच सुमाराला मुलांची झोप उडते. पुढे पीएचडीनंतरचं संशोधन, म्हणजे पोस्टडॉक, कुठे मिळणार, परत आल्यावर नोकरीची वयोमर्यादा उलटून तर जाणार नाही ना, गावाकडचे अजून शिकतेच आहे का म्हणून विचारतात त्यांना काय सांगायचं. तिने मात्र माझ्या मदतीशिवाय जर्मनीतल्या एका लॅबला पत्र लिहिलं आणि तिथून बोलावणं आलं. अट एकच: ऑक्टोबरअखेर प्रबंध सादर झाल्याचा कागद पाठवायचा. त्याच लॅबला मी तिच्या वयात अर्ज केला होता. मला उत्तरही आलं नव्हतं. मी तिचं अभिनंदन केलं, आणि त्या दिवशी दुपारचं जेवण मला गेलं नाही. हेही इथे लिहून टाकतो.

प्रबंधाचा शेवटचा प्रयोग तोवर झाला होता. चोवीस उंदीर. त्यातल्या बारांना रोज दोन तास अरुंद नळीत कोंडून ताण द्यायचा, बारांना मोकळं ठेवायचं, आणि मग भीतीशी संबंध असलेल्या पेशींत काय फरक पडतो ते पाहायचं. मोजणाऱ्याला उंदीर कोणत्या गटातला हे कळता कामा नये, नाहीतर मन हाताला फसवतं. म्हणून तिच्याकडे फक्त नंबर लावलेला पिंजरा जायचा. कोणता नंबर कोणत्या गटातला, ही यादी माझ्या डायरीत, डायरी माझ्या खणात आणि खणाची किल्ली माझ्या खिशात. ही यादी पिंजऱ्यांसमोर उभं राहून, एकेक पिंजरा बघून करायची असते. मी स्वतः मुलांना हे दर वर्षी बजावतो. त्या दिवशी मला एक अहवाल पाठवायचा होता. प्राणिगृह दोन मजले खाली. मी खुर्चीत बसूनच यादी केली: दोन रॅक, प्रत्येकावर बारा पिंजरे, प्रत्येकातले डावीकडचे सहा ताणाचे. प्राणिगृहातल्या माणसाला फोनवर तसंच सांगितलं. तो अनुभवी माणूस होता. तो ‘जी’ म्हणाला.

आठ महिने तिने काम केलं. यादी उघडायच्या दिवशी आमच्या लॅबमध्ये जिलेबी यायची, हा आमचा रिवाज. जूनचा सोमवार होता, बाहेर लूचे गरम वारे चालले होते. सगळी मुलं पडद्यासमोर बसली, मी डायरी उघडून एकेक नंबर वाचला आणि तिने गट भरले. आलेख उमटला. दोन्ही गटांचे ठिपके एकमेकांत मिसळून गेले होते. काहीच फरक नव्हता. कोणीतरी जिलेबीचा पुडा हळूच बाजूला सरकवला.

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. मी सगळ्यांसमोर तिला विचारलं, “आठ महिने तू पेशी मोजत होतीस की जर्मनीला जायचे दिवस?”

एक मुलगा हसला. ती आलेखाकडेच बघत होती. शांतपणे म्हणाली, “रेकॉर्डिंग परत तपासते सर. पण हात माझे आहेत, यादी तुमची आहे. तीही एकदा बघू या.”

तिचं चुकलं ते एवढंच. ती बरोबर बोलली, आणि पाच मुलांसमोर बोलली. मी म्हणालो, माझी यादी वीस वर्षं चुकलेली नाही. तुझ्या हातांचं काही सांगता येत नाही, ते हल्ली कापतात. हात कापत नव्हते. मी त्या क्षणी ते रचलं. पुढे म्हणालो की सगळा प्रयोग पहिल्यापासून करायचा आणि तो होईपर्यंत प्रबंधावर सही मिळणार नाही. तिने दोनदा माझ्या दारात येऊन जर्मनीच्या मुदतीची आठवण केली. दुसऱ्यांदा मी मान वर न करता म्हणालो की चुकीच्या आकड्यांवर सही करून मला तुरुंगात जायचं नाही. त्यानंतर ती आली नाही. तेव्हापासून फळा सुरू झाला.

मी त्या काळात किती खालच्या पातळीवर उतरलो होतो हे आठवलं की अंगावर काटा येतो. तिच्या टेबलावरचा पंखा मी दुसरीकडे हलवला, काप सुकतात म्हणून. तिची प्रकरणं लाल पेनाने रंगवून परत करायचो. स्वल्पविरामांवरून पानं अडवली. नवीन मुलांना तिच्याकडून शिकू नका असं सांगितलं. तीही कमी नव्हती. मी लॅबमध्ये शिरलो की ती कानात इयरफोन घालायची. एकदा मी मागे उभा राहून बघत होतो तेव्हा मागे न वळता तिने हाताने नुसतं बाजूला व्हा अशी खूण केली. माझी सावली पडत होती. दुसऱ्या फेरीची यादी मात्र मी स्वतः खाली उतरून, प्रत्येक पिंजरा बघून केली. शिस्त म्हणून नव्हे, या वेळी ती चुकली तर तिला बोलायला जागा राहू नये म्हणून.

सप्टेंबरात गणपती आले. आमच्या इंदिरा नगरच्या घरी दीड दिवसाचा असतो, आणि ओळखीतली मराठी घरं आरतीला येतात. त्या सकाळी मी तासाभरासाठी संस्थेत गेलो, प्राणिगृहात नवे पिंजरे आले होते त्यावर सही करायची होती. पिंजऱ्यांची धुलाई चालू होती. तिथला तो जुना माणूस धुतलेला दुसरा रॅक ढकलत आणत होता. त्याने तो भिंतीपासून जरा अंतर ठेवून लावला, तोंड पलीकडे करून. मी सहज विचारलं, “ये उल्टा क्यों लगा रहे हैं?”

तो म्हणाला, “ये वाली तो हमेशा उल्टी ही लगती है साहब। नाली उधर है न। हम उधर से ही खड़े होकर काम करते हैं।”

पिंजऱ्यांचे नंबर मात्र दोन्ही रॅकवर दाराकडून सुरू व्हायचे. म्हणजे त्याची डावी बाजू माझ्या कागदावरची उजवी होती. पहिल्या रॅकचं सगळं बरोबर होतं. दुसऱ्या रॅकवर ज्यांना मी मोकळे समजत होतो त्यांना त्याने रोज कोंडलं होतं, आणि ज्यांना कोंडलेले समजत होतो ते मोकळे होते. चोवीसांपैकी बारा उंदरांचे गट उलटे.

मी वर गेलो. डायरी काढली, दुसऱ्या रॅकचे नंबर उलटे लावले आणि तिचे जुने आकडे पुन्हा भरले. दोन मिनिटांचं काम. पडद्यावरचे ठिपके दोन थव्यांत वेगळे झाले, इतके स्वच्छ की मी तशी रेकॉर्डिंग माझ्या आयुष्यात केली नव्हती. आठ महिन्यांत तिने एकही पेशी चुकीची मोजली नव्हती.

मी फाईल बंद केली. डायरी खणात टाकली, किल्ली खिशात. घरून मुलाचा फोन आला, “पापा, आरती का टाइम हो रहा है, दूर्वा लाये?” मी दूर्वा घेऊन घरी गेलो.

ती त्या दुपारी आली. आमचं बोलणं बंद होतं, पण गणपती माझा एकट्याचा नव्हता. माझ्या बायकोने तिच्या आईला फोन केला होता. आईने करंज्या करून स्टीलच्या डब्यात आणल्या होत्या. आरतीला ती माझ्यापासून दोन माणसं सोडून उभी होती. मी तबक धरलं होतं. आरती फिरवत तिच्यापर्यंत आलो तेव्हा तिने ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले आणि माझ्याकडे बघितलं नाही. मला तेव्हा तीन तासांपासून माहीत होतं. तिने मोदक खाल्ला, बायकोला नमस्कार केला आणि आईला घेऊन गेली. डबा आमच्याकडेच राहिला.

मी स्वतःला सांगितलं, विसर्जन होऊन जाऊ दे. विसर्जन दुसऱ्या दिवशी झालं. मग सांगितलं, दुसरी फेरी निम्मी झालीच आहे, दोन्ही जुळल्या तर शोधनिबंध भक्कम होईल. हे कारण ऐकायला शास्त्रीय वाटतं. खरं कारण इतकंच होतं की सोमवारच्या बैठकीत त्या पाच मुलांसमोर मला म्हणावं लागलं असतं, ती जूनमध्ये बरोबर होती. ऑक्टोबर संपायला सहा आठवडे होते. प्रबंध बांधून तयार करायला तीन पुरले असते. मी रोज सकाळी फळ्यावर तिचं काम लिहीत राहिलो. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशीही लिहिलं, ‘आज दोन उंदीर.’ तिने खूण केली.

जानेवारीत दुसरी यादी उघडली. जिलेबी आणायची कोणाची हिंमत झाली नाही. निकाल तोच आला जो मला सप्टेंबरपासून ठाऊक होता. मी म्हणालो, “बघ, लक्ष दिलं की होतं.” पहिली फेरी आम्ही निबंधातून वगळली, तांत्रिक कारणाने. तिचा प्रबंध झाला, तोंडी परीक्षा झाली, आणि ती चपलांचा एक जोड खुर्चीखाली विसरून निघून गेली.

त्यानंतर चार वर्षांत आमचा संबंध आला नाही. कानावर यायचं की ती लखनौतच आहे, एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात, सहा सहा महिन्यांच्या करारावर. मग गेल्या डिसेंबरात तिचा ईमेल आला. एका विद्यापीठात सहायक प्राध्यापकाची जागा निघाली होती, वयोमर्यादेमुळे तिची ही शेवटची संधी, आणि गाईडचं शिफारसपत्र सक्तीचं. खाली एक ओळ: ‘नेहमीप्रमाणे ड्राफ्ट जोडला आहे.’

आमच्याकडे हाही एक रिवाज आहे. विद्यार्थ्याने शिफारसपत्र मागितलं की आम्ही म्हणतो, तूच लिहून आण, मी सही करतो. आपण कामात असतो, असा आमचा समज असतो. मी शेकडो अशा पत्रांवर न वाचता सह्या केल्या आहेत. हे वाचलं. पत्र इंग्रजीत होतं आणि त्यात एक वाक्य होतं: ‘उमेदवाराच्या हाताळणीतील त्रुटीमुळे मुख्य प्रयोग पुन्हा करावा लागला; तो तिने चिकाटीने पूर्ण केला.’ वर माझं नाव, माझं पद. ते वाक्य मी म्हणायचं होतं.

मी ते पत्र तीन दिवस उघडून बंद करत होतो. चौथ्या दिवशी रविवार होता. लॅपटॉप आणि ती डायरी घेऊन मी मेट्रोने आलमबागला गेलो. बस टर्मिनलच्या मागे, सूटकेसच्या दुकानावर, तिसरा मजला. दार तिनेच उघडलं. घरात या म्हणाली, बसा म्हणाली नाही. आई पलंगावर बसून मटार सोलत होती. चहाचं कोणी विचारलं नाही. मी स्वतःच खुर्चीवर बसलो.

“तुझ्या ड्राफ्टमधलं एक वाक्य चूक आहे,” मी म्हणालो. “हाताळणीच्या त्रुटीचं.”

“ते राहू द्या सर. प्रत्येक मुलाखतीत विचारतात, पीएचडीला सहा वर्षं का लागली. गाईडमुळे म्हटलं की समोरचे पेन खाली ठेवतात. माझ्यामुळे म्हटलं की निदान पुढचा प्रश्न येतो.”

“त्रुटी तुझी नव्हती. यादी माझी चुकली होती. दुसरा रॅक उलटा लावलेला असतो, मी बघितलं नव्हतं. तुझी पहिली रेकॉर्डिंग सगळी बरोबर होती.”

मटार सोलायचा आवाज थांबला. ती उभीच होती. तिने विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

या प्रश्नाची मी मेट्रोत तयारी केली होती. निबंध छापून झाल्यावर, असं उत्तर ओठावर तयार होतं. तपासायला कोणी येणार नव्हतं. ते उत्तर मी गिळलं, पण गिळायला मला वेळ लागला आणि तो तिने पाहिला.

“गणपती बसले त्या दिवशी. सकाळी.”

“दुपारी मी आरतीला आले होते.”

“हो.”

“आईने करंज्या आणल्या होत्या.”

“हो.”

तिने बोटांवर मोजलं. “सहा आठवडे,” ती म्हणाली. मग पुन्हा एकदा मोजलं.

आई बोलली ती माझ्याकडे न बघता, मटारांच्या ताटाशी बोलावं तशी. “पोरगी घरी येऊन हात समोर धरून बघायची. कापतात का गं आई, म्हणायची. मी म्हणायची, नाही गं. तर म्हणायची, सर म्हणतात कापतात. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला काही नाही. पण तिने ते काम सोडलं ते सोडलंच. आता दिवसभर कॉम्प्युटरवर दुसऱ्यांचे आकडे तपासते.” मग तिने पहिल्यांदा वर बघितलं. “आपल्याकडचे आहात म्हणून तुमच्या ओटीत टाकली होती, सर.”

मला हे माहीत नव्हतं. ती कराराची कामं करते एवढंच ठाऊक होतं. तिने नळी हातात धरणंच सोडलं आहे हे नाही. मी माफी मागितली. शब्द तोंडातून बाहेर पडला आणि त्या खोलीत कोणीच तो घेतला नाही.

“लॅपटॉप आणलाय ना?” ती म्हणाली. “उघडा. ते वाक्य काढा. मी सांगते ते लिहा.”

मी ड्राफ्ट उघडला. तिने सावकाश, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं, सांगितलं: मुख्य प्रयोगाच्या गटांची यादी मी चुकीची केली. ती चूक मला अमुक दिवशी कळली. ती मी उमेदवाराला सांगितली नाही. त्यामुळे तिला प्रयोग पुन्हा करावा लागला आणि तिची परदेशातील जागा गेली.

मी म्हणालो, “मी लिहितो. पण तुझ्या भल्यासाठी सांगतो, निवड समितीत माझ्याच बरोबरीचे लोक असतील. असं पत्र बघून ते घाबरतील. मी वेगळं पत्र संचालकांना देतो, यात नुसतं उशीर गाईडमुळे एवढं...”

“माझ्या भल्याचं तुम्ही सहा वर्षं बघितलंत,” ती म्हणाली. “आता टाइप करा.”

मी टाइप केलं. तिने माझ्या मागे उभं राहून वाचलं, एक शब्द बदलायला लावला. मी इंग्रजीत ‘राहून गेलं’ अशा अर्थाचं लिहिलं होतं, तिथे ‘सांगितलं नाही’. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पत्र तिथूनच चढवलं. निघताना डायरी टेबलावर ठेवली. तिने दुसऱ्या रॅकचं पान शोधलं, फोनवर त्याचा फोटो घेतला आणि डायरी माझ्या हातात परत दिली. तुमच्याकडेच ठेवा, म्हणाली.

सोमवारी बैठकीत मी मुलांना सगळं सांगितलं. त्या वेळच्या पाचांपैकी एकही आता लॅबमध्ये नव्हता; ज्यांच्यासमोर सांगायला हवं होतं त्यांना मला ईमेल लिहावा लागला. तो हसलेला मुलगा सोडून कोणाचं उत्तर आलं नाही. त्याने लिहिलं, ‘सर, मैं उस दिन हँसा था। मुझे याद है।’ संचालकांनाही कागद दिला आणि निबंधाच्या दुरुस्तीसाठी नियतकालिकाला लिहिलं. संचालक म्हणाले की इतक्या जुन्या गोष्टी उकरून संस्थेचं काय भलं होणार. चौकशी समिती नेमलेली आहे. ती कधी बसेल माहीत नाही.

जानेवारीत तिची मुलाखत झाली. त्या संध्याकाळी समितीतल्या एकाचा फोन आला, माझा जुना मित्र. “यार, ये क्या लिख दिया तुमने?” तो म्हणाला. त्यानेच सांगितलं की अध्यक्षांनी पत्र हातात धरून तिला विचारलं, हे काय आहे. ती म्हणाली, त्यात लिहिलंय ते खरं आहे, पुढचा प्रश्न विचारा. मुलाखत उत्तम झाली. पण गाईडशी इतकं बिनसलेली मुलगी विभागात नको, असं दोघांचं मत पडलं, आणि जागा दुसऱ्याला गेली. मित्र समजुतीने म्हणाला, साधं पत्र दिलं असतंस तर तिचं काम झालं असतं. तो खरं बोलत असेल. तिची शेवटची जागाही माझ्या सहीच्या पत्राने गेली, फक्त या वेळी पत्र खरं होतं.

मी तिला दोन ईमेल लिहिले. उत्तर नाही. मार्चमध्ये एका सकाळी तिच्या आईचा फोन आला. आवाजात काहीच नव्हतं. म्हणाली, “सर, आमचा स्टीलचा डबा तुमच्याकडे आहे. करंज्यांचा. आम्ही परवा लखनौ सोडतोय. तेवढा पाठवून द्या.”

मी विचारलं, कुठे चाललात. तिने सांगितलं की मुलीला दक्षिणेतल्या एका लॅबने घेतलं आहे, दोन वर्षांसाठी. तिथे पत्रबित्र मागितलं नाही. टेबलाशी बसवलं आणि म्हणाले, करून दाखव. “धरली तिने पेशी. पाऊण तास,” आई म्हणाली. तो आकडा मी ऐकावा म्हणूनच आईने सांगितला असावा. मग म्हणाली, “परत ईमेल करू नका तिला.”

डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर होता. बायको म्हणाली, रिकामा डबा कसा द्यायचा, आणि तिने त्यात साखर भरली. मीही हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच चारबाग स्टेशनवर गेलो. त्या दोघी फलाटावर सामानापाशी होत्या. तिने मला येताना पाहिलं आणि पाण्याची बाटली भरायला नळाकडे गेली. गाडी येईपर्यंत ती तिथेच उभी होती, भरलेली बाटली हातात धरून.

आईने डबा घेतला, झाकण उघडलं. साखर बघितली. मग पिशवीतून जुनं वर्तमानपत्र काढलं, बाकावर पसरलं, डबा त्यावर उपडा केला, तळाशी दोनदा थापटी मारली. कागदाची नीट पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली.

“नको, सर,” ती म्हणाली. “फक्त डबा हवा होता.”